एकच तार, वीजही आणि वेळही

मागच्या रमजानमधली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीच्या अंगणात इफ्तारचा दस्तरखान अंथरला होता. जिनिंगवर दिवसभर रुईच्या गाठी उचलून आलेले एक बुजुर्ग चाचा वजूखान्याजवळ बसले होते. डोक्यावरच्या लाल आकड्यांच्या बोर्डावर मगरिबची वेळ झाली. चाचांनी बिस्मिल्लाह म्हणून खजूर तोंडात टाकला. शेजारच्या दोन मुलांनीही टाकला. आतल्या हॉलमधल्या बोर्डावर मात्र अजून चार मिनिटे बाकी होती. अजान झाली तेव्हा चाचांच्या हातात पाण्याचा ग्लास होता आणि चेहरा उतरला होता.

इमाम साहेबांनी त्यांना जवळ बसवून सांगितले, "जाणूनबुजून केले नाही, त्यामुळे दिलाला लावून घेऊ नका. पण हा एक रोजा ईदनंतर कजा करा." चाचांनी मान हलवली. बोर्डाला किंवा आम्हाला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. पण ते बोर्ड लावण्यासाठी चंदा गोळा करणाऱ्यांत आम्हीही होतो, त्यामुळे तो खजूर आमच्याच घशात अडकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मस्जिदीतले चारही बोर्ड तपासले. हॉल, अंगण, वजूखाना आणि वरचा बायकांचा भाग, अशा चार ठिकाणी चार वेगळ्या वेळा होत्या. कारण साधे होते. प्रत्येक बोर्डात एक छोटे घड्याळ असते आणि ते क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालते. साधा स्फटिक दहा लाख सेकंदांत वीस सेकंद पुढे किंवा मागे जाऊ शकतो. ऐकायला हे काहीच नाही. पण हिशेब केला तर महिन्याला सुमारे ५२ सेकंद होतात. पावसाळा संपताना लावलेले घड्याळ रमजान येईपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांत, चार मिनिटांच्या वर सरकते. आमच्या वजूखान्यातला बोर्ड नेमका तेवढाच पुढे होता.

कोणी सुचवले की मुंबईहून तयार बोर्ड मागवावेत, त्यांत सगळ्या वेळा भरलेल्याच असतात. आम्ही आधी नकाशा उघडला. सूर्य एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे घेतो. मुंबई साधारण ७२.८ अंशांवर आहे आणि यवतमाळ ७८.१ अंशांवर. म्हणजे आपल्याकडे जवाल मुंबईच्या एकवीस मिनिटे आधी होतो. मुंबईच्या वेळा भरलेला बोर्ड इथे लावला तर सेहरी संपल्यावरही लोक खात बसतील. फार कशाला, आपल्या जिल्ह्यातच पश्चिमेच्या उमरखेडपासून पूर्वेच्या वणीपर्यंत पाच मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे वेळापत्रक आपल्या गावचे आणि आपल्या उलेमांनी मान्य केलेलेच हवे. ते चारही ठिकाणी एकसारखे पोहोचवणे एवढेच आमचे काम होते.

हे काम जुने आणि इज्जतीचे आहे. पूर्वी मोठ्या मस्जिदींत वेळ पाहण्यासाठी खास माणूस नेमलेला असे. त्याला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मस्जिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर हे त्या काळचे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी १३७१ मध्ये त्या मस्जिदीच्या मिनारसाठी संगमरवरी सूर्यघडी तयार केली. आज आपल्या हातात सूर्यघडीऐवजी चारपाचशे रुपयांचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे, पण जबाबदारी तीच आहे.

आमचा भाचा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने ईएसपी-३२ नावाचे छोटे बोर्ड आणले. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ पासून बाजारात आहे. काडेपेटीएवढ्या या पट्टीवर छोटासा संगणकच असतो. तिला प्रोग्राम शिकवला की ती आकडे पेटवते, तापमान मोजते, मोटार चालू-बंद करते. शाळा-कॉलेजातली मुले हौसेने यावर प्रयोग करतात. या चिपमध्ये वायफाय असते. म्हणून आधी ठरले की प्रत्येक बोर्डाला मोबाइलचा चार्जर लावायचा आणि वेळ वायफायवरून द्यायची.

आठ दिवसांत हे बारगळले. मस्जिदीच्या जुन्या भिंती हातभर जाड आहेत. वरच्या मजल्यापर्यंत सिग्नल कधी पोहोचे, कधी नाही. चार बोर्डांना चार चार्जर आणि चार सॉकेट लागले. हॉलचे सॉकेट तेवढे इन्व्हर्टरवर होते. वीज गेली की बाकीचे तीन बोर्ड काळे पडत. सर्वात वाईट म्हणजे वजूखान्याच्या नळांपासून दोन हातांवर २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड लटकत होता, आणि खाली ओल्या पायांची मुले उभी राहत होती. ते पाहून आमच्या अंगावर काटा आला. तो त्याच दिवशी काढला.

मग भाचा म्हणाला, "मामू, लॅन केबल टाकू. निरोपही तिच्यातून जाईल आणि वीजही."

आम्हाला हे नवल वाटायला नको होते. ज्या घरांत पूर्वी लँडलाइन फोन होता, त्यांना आठवत असेल की गावातले दिवे गेले तरी फोन चालू असायचा. त्याला घरातली वीज लागतच नसे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची वीज त्याच दोन तारांतून घरापर्यंत यायची, ज्यांतून आवाज यायचा. एका जागी बॅटरी सांभाळली की सगळ्या गावाचे फोन जिवंत राहत. लॅन केबलमधून वीज देण्याच्या पद्धतीला पॉवर ओव्हर इथरनेट, थोडक्यात पीओई म्हणतात. तिची रीत याच फोनसारखी आहे. इथरनेट १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केले. त्यातून वीज देण्याचा सर्वमान्य नियम मात्र २००३ मध्ये आला. त्याचे नाव ८०२.३ एएफ. कॅमेरे, ऑफिसातले फोन आणि छतावरचे वायफायचे डबे आज याच पद्धतीवर चालतात.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. साध्या १०० मेगाबिटच्या जोडणीत निरोप फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीतून जातो. निळी आणि तपकिरी रिकामीच असते. भाच्याला वाटले, रिकाम्या जोड्यांतून पाच व्होल्ट सोडले की झाले. निळ्या जोडीवर अधिक, तपकिरीवर उणे. खर्चही काही नाही. टेबलावर एक मीटरच्या केबलने बोर्ड छान चालला. वरच्या मजल्यापर्यंत ४० मीटर केबल ओढली, आणि बोर्ड पेटला, विझला, पेटला, विझला. रात्रभर तेच.

कारण तारेतच होते. तांब्याची तारही विजेला थोडा अडथळा करते. लॅन केबलमधली तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि अशा १०० मीटर तारेचा रोध सुमारे ८.४ ओहम असतो. ४० मीटरचा होतो सुमारे ३.४ ओहम. दोन तारा जोडून वापरल्या म्हणून तो निम्मा होतो. पण वीज जाते आणि परतही येते, म्हणून हिशेब पुन्हा ३.४ ओहमवर येतो. आमचा बोर्ड आणि त्याचे लाल आकडे मिळून अर्धा अँपिअर घेत होते. ३.४ गुणिले अर्धा म्हणजे १.७ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. पाच निघाले, तीन-साडेतीन पोहोचले. एवढ्यावर बोर्ड कसाबसा जागा होतो, आकडे पेटवायला गेला की दम सुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

हेच काम ४८ व्होल्टवर केले तर काय होते पाहा. बोर्डाला वीज लागते अडीच वॉट. वाटेतल्या रूपांतराची तूट धरून तीन वॉट समजू. ४८ व्होल्टवर तीन वॉट म्हणजे अँपिअरचा सोळावा हिस्सा. त्याच ४० मीटर केबलमध्ये आता फक्त पाव व्होल्टच्या आसपास खर्च होतो, आणि ४८ मधून पाव गेला तर कोणाला कळतही नाही. पलीकडच्या टोकाला स्प्लिटर नावाची छोटी डबी लावायची. ती ४८ चे पाच व्होल्ट करते आणि निरोपाची तार वेगळी काढून देते. म्हणूनच दूर वीज न्यायची तर दाब जास्त ठेवायचा आणि पोहोचल्यावर उतरवायचा. रस्त्यावरच्या विजेच्या खांबांचा आणि डीपीचाही हाच धडा आहे.

आमच्या भाचीने एक चांगला प्रश्न विचारला. ती नववीत आहे. "मामू, काही स्विच तर निरोपाच्याच जोडीतून वीज पाठवतात म्हणे. मग दोन्ही मिसळत कसे नाहीत?" आम्ही तिला आणि तिच्या भावाला भिंतीला पाठ लावून उभे केले. दोघांच्या उंचीत चार बोटांचा फरक होता. मग दोघांना एकाच पाटावर चढवले. फरक चारच बोटांचा राहिला. जोडीतल्या दोन्ही तारांचा दाब सारखाच वर उचलला जातो, तो पाट म्हणजे वीज. निरोप मात्र दोन तारांमधल्या फरकात लिहिलेला असतो. पलीकडचे यंत्र फक्त फरक वाचते, म्हणून निरोप शाबूत राहतो.

पीओईची आम्हाला सर्वात भावलेली गोष्ट तिची तमीज आहे. नियमाप्रमाणे बनवलेला स्विच तारेत एकदम ४८ व्होल्ट सोडत नाही. आधी दहा व्होल्टच्या आतली हलकी वीज पाठवून पलीकडे कोण आहे ते चाचपतो. पलीकडच्या यंत्रात २५ हजार ओहमचा ठरलेला रोध सापडला, तर समजतो की हे वीज मागणारे घर आहे. मग किती वीज लागेल ते विचारतो, आणि मगच पूर्ण दाब देतो. तो रोध सापडला नाही तर एक थेंबही देत नाही. तुमचा साधा लॅपटॉप त्या तारेला लावला तरी त्याला इजा होत नाही. सूरह नूरमध्ये आपल्याला शिकवले आहे की दुसऱ्याच्या घरात इजाजत मागितल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये. ही अदब यंत्रातही घालता येते, हे पाहून बरे वाटले.

बाजारात स्वस्त इंजेक्टरही मिळतात, ज्यांना पॅसिव्ह म्हणतात. ते विचारत नाहीत. २४ किंवा ४८ व्होल्ट थेट तारेत सोडून देतात, पलीकडे कोणी असो. आम्ही घरी असाच एक लावून ठेवला होता आणि विसरून त्याच केबलला घरचा जुना राउटर जोडला. एक बारीकसा वास आला आणि राउटर गेला. चूक आमचीच होती. पॅसिव्ह वापरायचेच असेल तर केबलच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी लावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी ठेच केबल घेताना लागली. खोके हातात घेतले तर फार हलके वाटले. भाच्याने ब्लेडने तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार होती. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, जोडात ती लवकर तुटते, आणि वीज नेताना तापते. पीओईच्या नियमांत ती बसतच नाही. केबल घेताना दुकानदारासमोर खरवडून पाहायला लाजू नका. कापूस घेताना आपण बोंड उघडून पाहतोच ना.

शेवटी आमची मांडणी अशी झाली. हॉलमधल्या कपाटात चार तोंडांचा पीओई स्विच, तोही मस्जिदीच्या इन्व्हर्टरवर. त्याच कपाटात एक छोटा संगणक, जो उपग्रहाकडून जीपीएसची अचूक वेळ घेतो. गावचे वर्षाचे वेळापत्रक त्याच्यातच साठवले आहे. स्विचपासून चार बोर्डांकडे चार केबल. नियमानुसार एक केबल १०० मीटरपर्यंत नेता येते, आमची सर्वात लांब ४० मीटरची आहे. बोर्ड निवडताना इथरनेटचे सॉकेट असलेले ईएसपी-३२ घेतले. प्रत्येकाला घराच्या नंबरासारखा पक्का पत्ता दिला. प्रत्येक बोर्ड दर तासाला कपाटातल्या संगणकाला वेळ विचारतो. विचारण्याची ही भाषा एनटीपी म्हणून ओळखली जाते. ती डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडली आणि जगभरातले संगणक आजही तिच्यावरच आपली घड्याळे जुळवतात.

वजूखान्यात आता २३० व्होल्टचे काहीही नाही. ४८ व्होल्टची डीसी वीज घरगुती विजेच्या मानाने पुष्कळ सौम्य असते. तरीही बोर्ड हाताच्या वर आणि बंद डबीत बसवला आहे, कारण ओल्या अंगाशी मस्करी नको. जोडाची टोके भाचीने दाबली. आठ रंगांचा क्रम तिला पाठ आहे आणि तिच्या एकाही टोकाला टेस्टरने नापास केले नाही. भाच्याची तीन टोके कापून पुन्हा करावी लागली, हे तिने आम्हाला लिहायला सांगितले आहे.

मिनारवरही एक बोर्ड लावावा असा आग्रह झाला होता. आम्ही नाही म्हणालो. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर विजा कशा कडाडतात ते शेतकऱ्यांना सांगायला नको. उंचावरून उघड्यावर आलेली तांब्याची तार विजेचा झटका थेट कपाटातल्या स्विचपर्यंत आणू शकते. इमारतीबाहेर न्यायचेच असेल तर निरोपासाठी काचेच्या तंतूची केबल टाकावी, किंवा चांगल्या अर्थिंगसह सर्ज प्रोटेक्टर लावावा.

एक शेवटची सोय इमाम साहेबांनी सुचवली आणि ती आम्हाला सर्वात मोलाची वाटते. त्यांनी विचारले, "तार तुटली तर बोर्ड काय दाखवेल?" आम्ही म्हणालो, त्याच्या स्वतःच्या घड्याळावर चालेल. आम्ही प्रत्येक बोर्डात आता डीएस-३२३१ नावाची घड्याळाची चिप बसवली आहे. ती उष्णता मोजून स्वतःला सुधारते आणि वर्षाला साधारण एका मिनिटापेक्षा जास्त चुकत नाही. ते म्हणाले, "चांगले आहे. पण ती चिप बिघडली आणि कोणाला कळलेच नाही तर?" म्हणून भाच्याने प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. चोवीस तास संगणकाकडून वेळ मिळाली नाही, तर बोर्ड आकडे पुसून नुसत्या आडव्या रेघा दाखवतो. लोक ते पाहून मुअज्जिन साहेबांना विचारतात. चुकीची वेळ ठासून सांगणाऱ्या बोर्डापेक्षा "मला ठाऊक नाही" म्हणणारा बोर्ड बरा. माणसांनाही हे लागू आहे.

ज्यांच्या घरी मुलांना असे काही करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पाच व्होल्ट लांब नेऊ नका, दोन-चार मीटरपुढे ४८ च घ्या. ८०२.३ एएफ असे लिहिलेलाच स्विच आणि स्प्लिटर घ्या. तो आपल्या टोकाकडून १५.४ वॉट देतो आणि पलीकडे सुमारे १३ वॉट पोहोचतात. छोट्या बोर्डाला हे भरपूर आहे. स्प्लिटरवर पाच व्होल्ट लिहिले आहे की बारा, ते दोनदा वाचा. बाराच्या डबीने पाच व्होल्टचा बोर्ड एका क्षणात जातो. आणि काही बोर्डांवर पीओई आतच बसवलेले असते, उदाहरणार्थ बल्गेरियाच्या ओलिमेक्सचा ईएसपी-३२ पीओई. त्याच्या साध्या प्रकाराला लॅन केबलची वीज चालू असताना यूएसबीने संगणक जोडायचा नाही, अशी ताकीद कंपनीनेच दिली आहे. मुलांना ती वाचून दाखवा.

वीज वाचवायला बोर्डाला झोपवण्याची सवय असेल, तर इथे एक गंमत होते. बोर्ड फारच कमी वीज घेऊ लागला की स्विचला वाटते पलीकडचा निघून गेला, आणि तो दार लावून घेतो. अर्ध्या वॉटच्या आसपास तरी सतत घेत राहावे लागते. म्हणून पीओईवरच्या बोर्डाला झोपवू नये.

चाचांनी ईदनंतर आपला रोजा कजा केला. सेहरीला आमच्याच घरी आले होते. यंदा रमजानच्या पहिल्या संध्याकाळी ते पुन्हा वजूखान्याजवळ, त्याच जागी बसले. बोर्डावर मगरिब झाली. चाचांनी खजूर हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. अजानचा पहिला शब्द कानावर आला, मग बिस्मिल्लाह म्हणाले. आम्ही हॉलच्या दारात उभे राहून आतला आणि बाहेरचा, दोन्ही बोर्ड पाहत होतो. सेकंदाचे आकडे एकत्रच बदलत होते.